खाण बंद

एकूण जमले बाराशे चाळीस.
त्यातले सातशे माइकला गेले,
तोही भजनी मंडळाचा, जुना,
जाळीला कापूर आणि कुणाच्या तरी विड्याचा वास.
उरलेल्यात केबल, एक पिन,
आणि ऑल्विनने न सांगता खाल्लेले दोन कटलेट-पाव.

नाव आम्ही शोधलं नाही.
सावर्ड्यात लहानाचे मोठे होताना
चहाच्या प्रत्येक टेबलावर ते आधीपासून होतं:
खाण बंद.

ड्रम म्हणजे पाण्याचं निळं पिंप.
झांज म्हणजे चतुर्थीच्या टोपाचं झाकण.
ऑल्विनने काकाचं घुमट आणलं होतं,
पहिल्याच गाण्यात त्याचं चामडं फाटलं.
गाणं तसंच ठेवलं. फाटण्याचा आवाज छान आलाय.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून पाहिले,
आवाज होता तितकाच राहिला, मुंग्या मात्र आल्या.
मग मिथिल म्हणाला, तुझ्या बाबांचा टिपर?

अंगणात उभा आहे तो, चाकांखाली दगड.
आत रेक्झिन, फोम, छताला गालिच्याचा तुकडा.
काचा वर केल्या की शेजारचा कोंबडासुद्धा लांब जातो.
जोविताला बसवलं क्लीनरच्या सीटवर.
हजेरी देताना जिचा आवाज
दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही
ती आत ओरडली
आणि आरशाला टांगलेली लिंबू-मिरची
गोल फिरली.

रेकॉर्डिंग आईच्या मोबाइलवर. अट एकच:
मयुराच्या बारशाचे व्हिडिओ पुसायचे नाहीत.

चौथ्या गाण्यानंतर हुमण-भात जेवायला गेलो.
बटण बंद करायचं विसरलो.

रात्री हेडफोन लावला तर
अकरा मिनिटं जास्तीची.
आधी काहीच नाही. मग दार. सीटची स्प्रिंग.
क्लच.
गिअर, पहिला, दुसरा,
थोडं थांबून तिसरा.
इंजिन नाही, बॅटरी गेल्या वर्षीच विकली.
नुसता दांडा, खट्, आणि बाबांचा श्वास.
एका वळणावर ते हळूच म्हणाले, "सांबाळ रे,"
समोरून येणाऱ्या कुणाला तरी.
मग गुड्डेमळचा चढ असावा,
कारण दुसरा परत पडला.
मग जेट्टी आली. हँडब्रेक ओढला,
आणि पुढे वीसेक ट्रक असावेत
तसे बराच वेळ नुसते बसून राहिले.
ते दार दोनदा लावावं लागतं.
दोनदा लावलं.

कुणाला सांगितलं नाही.
मिथिल म्हणाला असता, त्या खट्-खट्चा बीट कर, भारी होईल.
झालाही असता.

सकाळी शेवटच्या गाण्याला
मोबाइल म्हणाला, जागा नाही.
जोविता केबिनमध्ये, पाणी पिऊन, तयार.
बारसं पुसायचं नाही.
तिची कालची ओरड परत येणार नाही, घसा बसलाय.
राहिलं माझं गिटार,
चारही गाण्यांचं, वेगळं घेतलेलं,
आयुष्यात पहिल्यांदा न चुकता वाजलेलं,
आणि ती अकरा मिनिटं.

बाबा नळावर दात घासत होते.
"दनपारां केबिन मेकळी करात रे," म्हणाले, "झाडपाची आसा."
मी बरं म्हटलं
आणि बोट ठेवलं.

आता गाणी कुडचड्यापर्यंत फिरतात,
या मोबाइलवरून त्या मोबाइलवर.
नुसती जोविता, पिंप आणि झाकण.
मिथिल दोन दिवस बोलला नाही.
भेटेल तो विचारतो, गिटार कुठे गेलं?
मी सांगतो,
मेमरी भरली होती.